निवृत्त सैनिकाचा राग: स्वभाव, सवय की आजार?

सातारा जिल्ह्यातून एका मुलीने प्रश्न विचारला आहे. वडील 24 वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून पेन्शनवर आले, त्याला आता 6 वर्षं झाली. नोकरीतला बराच काळ काश्मीरमध्ये गेला, राष्ट्रीय रायफल्समध्येही होते. घरी आल्यापासून कशावरूनही भडकतात. दार आपटलं, गॅसवाला सांगितलेल्या वेळी आला नाही, नातवाने मागून येऊन गळ्यात हात टाकले, काहीही पुरतं. आई म्हणते, "त्यांचं डोकं पहिल्यापासूनच तापट." मुलीने मात्र वाचलंय की अमेरिकेत माजी सैनिकांचा राग आणि पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, यांवर पुष्कळ संशोधन झालं आहे. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हा संबंध खरा आहे का, उपचाराने राग उतरतो का, आणि घरच्यांना त्यांच्यापासून धोका आहे का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रातले माजी सैनिक, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या बायका आणि मुली, माझ्याकडे येत आल्या आहेत. म्हणून उत्तर जरा लांबवते.

संबंध खरा आहे आणि लढाईवर गेलेल्या माणसांत तो इतर आघातग्रस्तांपेक्षा घट्ट आहे. पण राग आहे म्हणून पीटीएसडी आहे, असं म्हणता येत नाही. उपचाराने राग कमी होतो, मात्र त्यावर वेगळं काम करावं लागतं. आघातावरचा उपचार केला की राग आपोआप जाईल, या भरवशावर राहू नये. आणि धोका किती, याचं उत्तर बऱ्याच अंशी दारूच्या बाटलीत आहे.

पीटीएसडी हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत 1980 साली आलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची त्यामागे मोठी चळवळ होती. गंमत अशी की त्या पहिल्या निकषांच्या यादीत राग नव्हताच. चिडचिड आणि रागाचे झटके 1987 च्या सुधारित आवृत्तीत आले. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत राग दोन ठिकाणी विभागला गेला. एक, मनात सतत मुरलेली नकारात्मक भावना म्हणून, म्हणजे भीती, अपराधीपणा, शरम यांच्या रांगेत. दुसरा, फारसं कारण नसताना माणसांवर किंवा वस्तूंवर निघणारा आक्रमक उद्रेक म्हणून. तुमच्या वडिलांकडे बघतानाही हा फरक ठेवा. आतल्या आत धुमसणारा माणूस आणि ताट भिरकावणारा माणूस एकच असू शकतो, पण नेहमी असतोच असं नाही, आणि दोघांना मदत वेगळी लागते.

व्हिएतनाम सैनिकांच्या पुनर्वसनाचा जो राष्ट्रीय अभ्यास अमेरिकेत 1980 च्या दशकात झाला, त्यात तिथे लढलेल्या पुरुषांपैकी 15.2 टक्के लोकांना पाहणीच्या वेळी पीटीएसडी होता, आणि आयुष्यात कधी ना कधी झालेले 30.9 टक्के. युद्ध संपून दशक उलटून गेलं होतं तरी हे आकडे होते. पुढे 2006 मध्ये ओर्थ आणि वीलांड या दोघांनी राग, वैरभाव आणि पीटीएसडी यांवरचे 39 अभ्यास एकत्र तपासले. संबंध सगळीकडे दिसला, पण युद्धाचा अनुभव घेतलेल्या गटांत तो ठळकपणे मोठा होता. 2007 मध्ये जकुपचाक आणि सहकाऱ्यांनी इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. त्यात पीटीएसडीचे सगळे निकष पूर्ण न करणाऱ्या, म्हणजे काठावरच्या लोकांतही लक्षणं नसलेल्यांपेक्षा राग जास्त आढळला. मला रोजच्या कामात हा निष्कर्ष सर्वांत उपयोगी पडतो, कारण काठावरचा माणूस दवाखान्यात जातच नाही. त्याला वाईट स्वप्नं रोज पडत नाहीत, तो कामाला जातो, लग्नकार्यात दिसतो. फक्त घरात त्याच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकी लष्कराच्या मिलेनियम कोहॉर्ट या दीर्घकालीन अभ्यासातल्या 90,266 जणांची माहिती 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात त्रासदायक ठरावा इतका राग 17.3 टक्के लोकांत आढळला. उलट बाजूने वाचलं तर दर सहांतल्या पाच जणांत तो नव्हता. "फौजी म्हटला की तापटच" हे आपलं गावाकडचं गणित या आकड्याशी जुळत नाही. फौज माणसाला कडक करते, वेळेची शिस्त लावते, आवाज चढवते. पण कडक असणं आणि रागाने घर धास्तावलेलं असणं यांत अंतर आहे.

आता हा राग येतो कुठून? 1980 च्या दशकाच्या अखेरीस हवाईमधल्या होनोलुलू इथे क्लॉड केमटॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मांडणी केली, जी अजून टिकून आहे. लढाईत माणूस एका वेगळ्या अवस्थेत जातो. धोक्याची खूण शोधणं, ती दिसताच क्षणात हल्ला करणं, आणि त्या वेळी "थांब, विचार कर" म्हणणारा आतला आवाज बंद ठेवणं. तिथे ही अवस्था जीव वाचवते. अडचण अशी की काही लोकांत ती घरी आल्यावरही चुकीच्या जागी चालू होते. धोका आहे असं वाटलं की राग येतो, राग आला की सगळीकडे धोका दिसायला लागतो, आणि दोन्ही एकमेकांना वर चढवत नेतात. मागून येऊन गळ्यात पडलेल्या नातवाचं उदाहरण तुम्ही दिलंय, ते यात तंतोतंत बसतं. चेहरा दिसायच्या आधी शरीराने निर्णय घेतलेला असतो. दाराचा आवाजही तसाच.

गॅसवाल्याचं उदाहरण मात्र वेगळं आहे. तिथे दचकणं नाही. तिथे आहे "ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी झाली नाही." ज्या जगात एका माणसाच्या ढिलाईने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, त्या जगात 24 वर्षं काढल्यावर उशीर हा गुन्हाच वाटतो. मग हा माणूस तलाठी कार्यालयात "उद्या या" ऐकतो, पेन्शनच्या कागदातली चूक दुरुस्त करायला चकरा मारतो, भावकीत बांधाच्या वादात त्याला "तू तर इथं नव्हतासच" असं ऐकवलं जातं. या रागाच्या तळाशी भीती नसते, अन्याय झाल्याची भावना असते.

हे मुद्दाम सांगते, कारण "राग म्हणजे भीतीवर घातलेला मुखवटा" असं वाक्य हल्ली समुपदेशनाच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतं. काही जणांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण सैनिकाला सरसकट ते लावलं की तो उठून जातो, आणि मला वाटतं त्याचं बरोबर असतं. बॉस्टनमध्ये व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 1990 च्या दशकात नैतिक जखम ही कल्पना मांडली: जीवनमरणाच्या प्रसंगात, ज्याच्यावर विश्वास टाकला त्या अधिकारावरच्या माणसाने योग्य ते केलं नाही, त्यातून झालेली जखम. अशा माणसाला "तुम्ही घाबरला आहात" म्हणून उपयोग नाही. "कोणी दगा दिला?" हे विचारावं लागतं, आणि उत्तर ऐकायला वेळ काढावा लागतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. सैनिकाला राग हे दुखणं वाटत नाही, हत्यार वाटतं. रागाने थकवा जातो, भीती मागे पडते, हाताखालची माणसं हलतात. अमेरिकी लष्करातल्या संशोधकांनी सैनिकांना थेट विचारलं, तेव्हा राग कामाला उपयोगी पडतो असं सांगणारे पुष्कळ निघाले. त्यामुळे "राग सोडा" असा सल्ला त्यांच्या कानाला "हत्यार खाली ठेवा" असा लागतो. मी तसं कधी म्हणत नाही. राग कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे ठरवणारे तुम्ही असलात पाहिजे, सध्या तो तुम्हाला चालवतोय, असं म्हटलं की निदान पुढचं बोलणं तरी होतं.

उपचाराकडे येऊ. रागावरच्या पद्धतशीर उपचाराचा पाया कॅलिफोर्नियातल्या रेमंड नोव्हाको यांनी 1970 च्या दशकात घातला. पुढे त्यांनी केमटॉब यांच्याबरोबर सैनिकांवर काम केलं. त्यांनी रागाच्या नियंत्रणातल्या उणिवा तीन ठिकाणी शोधल्या: प्रसंगाचा अर्थ लावण्यात, शरीराच्या उत्तेजनेत आणि प्रत्यक्ष वागण्यात. 1997 मध्ये तीव्र राग असलेल्या व्हिएतनाम सैनिकांवर त्यांनी 12 बैठकांचा उपचार तपासला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटाचं रागावरचं नियंत्रण सुधारलं आणि 18 महिन्यांनीही ते टिकून होतं. मात्र सुरुवातीला 28 जण होते, शेवटपर्यंत पोचले 15. माझ्या मते या अभ्यासाचा खरा धडा या गळतीत आहे. रागीट माणसाला उपचार लागू पडतो की नाही हा नंतरचा प्रश्न, आधी तो खुर्चीत बसून राहतो का?

हवाईमध्येच लेस्ली मोरलँड यांच्या गटाने 2010 मध्ये पीटीएसडी असलेल्या 125 पुरुष सैनिकांना रागाच्या नियंत्रणाचं गट-प्रशिक्षण दिलं, अर्ध्यांना समोरासमोर आणि अर्ध्यांना व्हिडिओवरून, कारण बेटांवर विखुरलेल्या माणसांना दर आठवड्याला शहरात आणणं शक्य नव्हतं. व्हिडिओवाल्यांचा राग समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी उतरला असं काही दिसलं नाही. माण-खटावमधून पुण्याला यायला दिवस मोडणाऱ्या माणसासाठी ही कामाची बातमी आहे.

याच सैनिकांची माहिती पुढे 2014 मध्ये मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी उघडून बघितली. प्रश्न साधा होता: राग उतरला तो नेमका कशामुळे? विचार बदलल्यामुळे, वागणं आवरल्यामुळे, की शरीर शांत करता आल्यामुळे? सर्वांत स्पष्ट उत्तर शेवटच्याच्या बाजूने आलं. ज्यांना स्वतःला शांत करण्याचं कौशल्य जमलं, त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली.

हे आपल्याकडच्या प्रथेच्या अगदी उलट आहे. आपण रागावलेल्या माणसाला समजावतो. "अहो, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला?" "पोरगंच आहे ते." "डॉक्टरांनी बीपी सांभाळायला सांगितलंय ना?" भडक्याच्या क्षणी यातलं एकही वाक्य आत पोचत नाही, उलट प्रत्येक वाक्य नवा धोका म्हणून वाचलं जातं. उकळी फुटलेल्या दुधाशी बोलत बसण्यापेक्षा गॅस बंद करावा. शरीर आधी, बोलणं नंतर. म्हणून माझ्याकडे पहिल्या काही बैठका जवळपास कवायतीसारख्या असतात. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ, जबडा आणि मुठी सैल, पाय जमिनीवर. दिवसातून ठरलेल्या वेळी, राग नसताना. फौजी लोकांना हे आवडतं, कारण सराव म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही. ऐन लढाईत बंदूक उघडून बघायला शिकत नाहीत, हे त्यांना कोणीही सांगण्याआधीपासून माहीत असतं.

मग आघाताच्या आठवणींवरचा उपचार, ज्यात माणूस तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो किंवा त्याविषयीच्या समजुती तपासतो, त्याचं काय? तिथे संशोधन एका सुरात बोलत नाही. फिलाडेल्फियाच्या एडना फोआ यांच्या गटाला 1995 मध्ये, हल्ल्याला बळी पडलेल्या स्त्रियांत, असं दिसलं की आधीपासून राग जास्त असेल तर प्रसंग सांगताना भीती पुरेशी वर येत नाही आणि फायदा कमी होतो. पण त्याच गटाच्या 2003 च्या अभ्यासात आघातावरच्या उपचाराने रागही कमी झाला आणि आधीचा राग फार आडवा आला नाही. हे सगळं स्त्रियांवरचं, नागरी जीवनातलं. सैनिकांत, विशेषतः मेलबर्नच्या डेव्हिड फोर्ब्ज यांच्या कामात, ज्यांचा राग जास्त त्यांना उपचाराचा लाभ कमी, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. मी यातून स्वतःपुरता नियम काढला आहे. माणूस वीस मिनिटं न उठता कठीण गोष्टीवर बोलू शकत असेल तर आघातावरचा उपचार लगेच सुरू करायचा आणि राग सोबत हाताळायचा. ते जमत नसेल तर आधी रागावर काही आठवडे द्यायचे. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या आणि संरक्षण विभागाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातावर थेट काम करणारे बोलके उपचार औषधांच्या वर ठेवलेत, आणि ते मला पटतं. रागावरचं काम हे त्या उपचाराला पर्याय नव्हे.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण गोळीची घाई घरच्यांनाच जास्त असते. रागासाठी म्हणून खास गोळी नाही. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन ही पीटीएसडीसाठी वापरली जातात आणि काहींची चिडचिड त्याने कमी होते. प्राझोसीन या गोळीकडून वाईट स्वप्नांसाठी मोठ्या आशा होत्या, पण 2018 मध्ये 304 सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ती डमी गोळीपेक्षा सरस ठरली नाही. रिस्पेरिडोन या दुसऱ्या गोळीची 2011 ची चाचणीही निराशाच देऊन गेली. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या पीटीएसडीत देऊ नयेत असं वरच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. आपल्याकडे मात्र "झोपेची साधी गोळी" म्हणून त्या वर्षानुवर्षं चालू राहतात, त्यावर दारू, आणि मग संयम आणखी सुटतो. वडील अशी गोळी घेत असतील तर ती एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. मानसोपचारतज्ज्ञांकडून हळूहळू उतरवून घ्या.

आता धोका. इथे एक अभ्यास सगळ्यांनी नीट वाचावा असा आहे. एरिक एल्बोगेन आणि सहकाऱ्यांनी इराक-अफगाणिस्तानात जाऊन आलेल्या 1,090 सैनिकांची देशव्यापी पाहणी केली, निष्कर्ष 2014 मध्ये आले. एका वर्षाच्या काळात गंभीर हिंसा केल्याचं प्रमाण असं होतं: पीटीएसडी नाही आणि दारूचा प्रश्नही नाही, त्यांच्यात 5.3 टक्के. फक्त पीटीएसडी, 10 टक्के. फक्त दारूचा गैरवापर, 10.6 टक्के. दोन्ही एकत्र, 35.9 टक्के. म्हणजे पीटीएसडी असून दारूचा प्रश्न नसलेल्या दहांतल्या नऊ जणांनी अशी हिंसा केली नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र तीनांतला एक.

ब्रिटनमधून 2013 मध्ये आलेला अभ्यास याला पूरक आहे. तिथे जवळपास 14,000 सैनिकांच्या नोंदी गुन्ह्यांच्या सरकारी नोंदींशी जोडून पाहिल्या गेल्या. नुसतं युद्धक्षेत्रात जाण्याने हिंसक गुन्ह्यांचा धोका वाढला नव्हता. पण प्रत्यक्ष लढणाऱ्यांत परतल्यावर हिंसक गुन्ह्याचं प्रमाण 6.3 टक्के होतं, तिथेच इतर कामांवर असलेल्यांत 2.4 टक्के. स्वयंपाकी, क्लार्क, सिग्नलवाला आणि पायदळातला माणूस यांना "फौजी" या एकाच शब्दात मोजू नये. वडिलांनी नेमकं काय काम केलं हे घरात बऱ्याचदा कोणाला माहीतच नसतं.

म्हणून मी पहिल्याच भेटीत लष्करी कॅन्टीनमधून मिळणाऱ्या दारूच्या कोट्याबद्दल विचारते. महिन्याला किती येते, किती विकली जाते, किती वाटली जाते आणि किती घरात संपते. आपल्याकडे ही बाटली पाहुणचाराची, मानाची वस्तू आहे, त्यामुळे तिच्याबद्दल विचारणं घरातल्या कोणालाच सुचत नाही. झोप लागत नाही म्हणून दोन पेग, ही सुरुवात मी फार वेळा ऐकली आहे. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्री मोडते. अर्धवट झोपेचा माणूस सकाळी आधीच अर्ध्या रागात उठतो.

दुसरा प्रश्न बंदुकीचा. पुष्कळ माजी सैनिक बँकेत किंवा एटीएमच्या गाडीवर सुरक्षारक्षक असतात आणि परवान्याची बारा बोअर घरात असते. राग, दारू आणि बंदूक एका छताखाली असेल तर बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, आणि वाईट काळात घराबाहेर, परवान्याच्या नियमात बसेल अशा रीतीने. हे दुसऱ्यांच्या रक्षणासाठी जेवढं, तेवढंच त्यांच्या स्वतःच्या. सैनिकांतला तीव्र राग आणि आत्महत्येचे विचार यांचाही संबंध संशोधनात दिसतो, आणि घरचे रागाकडे बघत बसतात तेव्हा ही बाजू सुटते. "मी गेलो म्हणजे सुटाल तुम्ही" हे वाक्य रागात आलं म्हणून सोडून देऊ नका. शांत झाल्यावर सरळ विचारा.

आईवर हात उचलला जात असेल तर प्रश्न आजाराचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. पीटीएसडी हे कारण असू शकतं, परवानगी नाही. 112 किंवा महिलांसाठीचा 181 हा क्रमांक लावा, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा माजी सैनिकाच्या बायकोलाही लागू आहे, पेन्शन जाईल या भीतीने गप्प बसू नका. अशा घरांसाठीही उपचार आहेत. बॉस्टनच्या केसी टाफ्ट यांचा 12 आठवड्यांचा गट-उपचार 135 पुरुषांवर तपासला गेला, 2016 मध्ये निष्कर्ष आले, आणि जोडीदारावरची हिंसा त्याने कमी झाली. म्हणजे मारणारा माणूस बदलत नाही, हेही खरं नाही. पण तो बदलेपर्यंत तुम्ही तिथेच थांबलं पाहिजे असं कुठलंही संशोधन सांगत नाही.

घरात किती राग आहे याचा अंदाज घ्यायला फोर्ब्ज यांच्या गटाने तयार केलेली पाच प्रश्नांची छोटी पट्टी जगभर वापरतात. मागच्या चार आठवड्यांत लोकांवर किंवा प्रसंगांवर किती वेळा राग आला, आला तेव्हा किती तीव्र होता, किती वेळ टिकला, कोणाला मारावंसं वाटलं का, आणि त्यामुळे लोकांशी जमवून घेणं अवघड झालं का. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि मूळ इंग्रजी पट्टीत बेरीज 12 किंवा जास्त आली तर पुढे तपासायचं. वरचं मराठी रूप माझं आहे, म्हणून त्यावर निदान करत बसू नका. पण वडील स्वतः उत्तरं द्यायला तयार झाले तर बोलणं सुरू करायला ते चांगलं आहे. आणि राग सोडून इतर खुणा बघा. नको त्या आठवणी घुसतात का, वाईट स्वप्नं पडतात का, काही जागा, माणसं, बातम्या टाळतात का, मन बधिर झाल्यासारखं आहे का. नुसत्या रागावर पीटीएसडीचं निदान होत नाही.

कान तपासून घ्या. हसू नका. वर्षानुवर्षं गोळीबाराच्या आवाजात काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, कानात सतत शिट्टी वाजते, आणि घरातले पाठ करून बोलतात तेव्हा त्याला आपल्याला वगळल्यासारखं वाटतं. श्रवणयंत्राने निम्मी भांडणं मिटलेली घरं मी पाहिली आहेत. स्फोटाजवळ असताना डोक्याला मार, बेशुद्धी झाली होती का हे विचारा. थायरॉइड, साखर, जुनं दुखणं, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेही बघून घ्या.

या सगळ्या संशोधनाची एक मर्यादा तुम्हाला माहीत असावी. बहुतेक काम अमेरिकी, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश पुरुषांवरचं आहे, माणसांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवर उभं आहे, आणि बरंचसं एकाच वेळी केलेल्या पाहणीचं आहे, त्यामुळे आधी राग की आधी पीटीएसडी हे त्यातून ठरत नाही. रागीट माणूस लढाईत जास्त हादरतो, हेही शक्य आहे. म्हणून तुमच्या आईचं म्हणणं मी फेटाळत नाही. तिला एवढंच विचारा, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीतले वडील आणि आत्ताचे वडील यांत काय फरक आहे, आणि तो कुठल्या पोस्टिंगनंतर दिसायला लागला. बायकोला हे तारीखवार आठवतं.

घरात लगेच करता येण्यासारखं सांगते. मागून हात लावू नका, झोपेतून उठवताना पायाशी उभं राहून नावाने हाक मारा. नातवालाही हे खेळासारखं शिकवता येतं. सगळे शांत असताना एक करार करा: कोणाचाही पारा चढला की "ब्रेक" म्हणायचं, उठून अर्धा तास शेतात किंवा गच्चीवर जायचं, आणि मग परत यायचं. परत येण्याची वेळ सांगून जाणं महत्त्वाचं, नाहीतर तो अबोला ठरतो. हा करार वडिलांनाच मांडायला सांगा, आदेश देणारे ते असू देत. भडक्यानंतर बऱ्याच जणांना भयंकर लाज वाटते आणि ती लाज पुन्हा रागाच्या रूपात बाहेर येते, म्हणून त्याच संध्याकाळी हिशेब मागू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी बोला.

दवाखान्यात कसं न्यायचं? "मानसिक" हा शब्द पहिल्या दिवशी वापरू नका, झोप आणि बीपी इथून सुरुवात करा, ते खोटं नाही. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर जवळच्या पॉलीक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि फोनवर नाव सांगायची सक्ती नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 पासून लष्करासाठी टेली-मानसचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. अनेकदा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे त्यांच्याच पलटणीतला एखादा जुना सोबती, जो स्वतः उपचार घेऊन आला आहे. त्याच्याबरोबर ते जातील, तुमच्याबरोबर कदाचित नाही.

पहिल्या भेटीत आईला सोबत न्या आणि डॉक्टरांना दहा मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलायला सांगा. वडील "थोडी चिडचिड होते" एवढंच सांगतील. तिच्या झोपेबद्दल आणि बीपीबद्दलही त्याच दिवशी विचारून घ्या.